खोक्यावरचं नाव आणि पटावरचा खेळ

हदगावच्या बाजारपेठेत एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात 'व्यापार' मागितला, तर दुकानदार कंपनी विचारत नाही. लहान पाहिजे का मोठा, एवढंच विचारतो आणि वरच्या फळीवरचं खोकं काढून देतो. आत शहरांचा पट, कागदी नोटा, फासे आणि प्लॅस्टिकची घरं. कोपऱ्यांत क्लब, विश्रामगृह, तुरुंग. हा खेळ छापणारे अनेक आहेत, पट मात्र थोड्याफार फरकानं तोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर तो मांडला की खोक्याच्या मागं कुणाचं नाव छापलंय ते कुणी वाचत बसत नाही.

त्याच घरातलं पोरगं पुण्याला शिकायला जातं, रूमवरच्या मित्रांकडून नवे खेळ शिकतं आणि दिवाळीला येतं तेव्हा बॅगेत 'मॅजिक'चे पत्ते असतात, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं जाड पुस्तक असतं, नाहीतर 'वॉरहॅमर'चे बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक. इथं खेळाच्या आधी नाव येतं. आणि नावामागून या खेळांच्या चाहत्यांत जगभर चाललेला वाद येतो. आपला या खेळावर जीव आहे हे ओळखून कंपनी आपल्याला पिळते आहे का? कुणी म्हणतं, उघड लूट आहे. कुणी म्हणतं, परवडत नसेल तर घेऊ नका, कुणी गळ्याला सुरी लावली आहे? या वादात मत द्यायच्या आधी हा धंदा चालतो कसा ते नीट पाहायला हवं. त्याशिवाय भांडण नेमकं कशाचं आहे तेच कळत नाही.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. खेळाचे नियम कुणाच्या कायमच्या मालकीचे होत नाहीत. आपला 'व्यापार' ज्या 'मोनोपोली'वरून आला, तिचीच गोष्ट घ्या. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट मिळवलं. त्या हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या अनुयायी. जमिनीचा मालक नुसत्या भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळता खेळता कळावं, असा त्यांचा हेतू होता. लोकांनी तो पट हातानं उतरवून घेतला, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली, नियम वाकवले. अशीच एक हातानं काढलेली आवृत्ती चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांपर्यंत पोचली. त्यांनी ती १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीला विकली. कंपनीनं मॅगीबाईंचं पेटंटही ५०० डॉलरला घेऊन टाकलं. डॅरोंना खेळाच्या विक्रीवर रॉयल्टी मिळत राहिली आणि ते श्रीमंत झाले. मॅगीबाईंचं नाव मात्र पुढची कित्येक दशकं कुणाच्या कानावर नव्हतं.

पेटंट ठरावीक वर्षांनी संपतं. नाव संपत नाही. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अ‍ॅन्सपॅक यांनी 'अँटी-मोनोपोली' नावाचा खेळ काढला, तेव्हा कंपनीनं नावावर बोट ठेवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मॅगीबाईंची विसरलेली गोष्टही खरं तर अ‍ॅन्सपॅक यांनी या खटल्यासाठी खणून काढली. खटला जवळपास दहा वर्षं चालला आणि त्यात एक पाहणी पुढं आली. लोकांना विचारलं होतं, तुम्ही 'मोनोपोली' का घेता? ६५ टक्के म्हणाले, आम्हाला तो खेळ खेळायचा आहे, बनवणारा कोण याच्याशी आम्हाला फारसं देणंघेणं नाही. ३२ टक्के म्हणाले, पार्कर ब्रदर्सची खेळणी आम्हाला आवडतात, म्हणून घेतो. अपील कोर्टानं १९८२ मध्ये या उत्तरांना वजन दिलं आणि 'मोनोपोली' हे आता खेळाचंच नाव झालंय, कंपनीचं राहिलेलं नाही, असा निकाल दिला. बड्या कंपन्या हादरल्या. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा बदलला आणि गिऱ्हाईक कशासाठी घेतं यावरून नावाचा हक्क ठरवायचा नाही, असं स्पष्ट केलं.

आज चाहते ज्यावर भांडतात, तोच प्रश्न त्या कोर्टापुढं होता. माणसाचा जीव खेळावर असतो की कंपनीवर? ६५ आणि ३२ हे आकडे एका देशातले, एका काळातले आणि एकाच खेळाचे आहेत. तरी ते मला फार बोलके वाटतात.

आपल्याकडेही असा निवाडा झाला आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी 'स्क्रॅब्युलस' नावानं इंटरनेटवर शब्दांचा खेळ काढला आणि तो तुफान चालला. भारतात 'स्क्रॅबल'चे हक्क सांगणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी अंतरिम आदेश दिला. त्याचं सार असं की पटाची रंगीत चौकट आणि खेळाचे नियम यांवर कॉपीराइट सांगता येणार नाही, पण 'स्क्रॅबल'शी मिळतंजुळतं नाव वापरायचं नाही. भावांनी नाव बदलून 'लेक्सुलस' केलं. खेळ चालूच राहिला.

याच तर्कानं पुढं गेलं, तर हदगावातल्या एखाद्या मास्तरांनी आपला स्वतःचा व्यापाराचा पट काढायला काही हरकत दिसत नाही. नांदेड महाग, अर्धापूर त्याच्या खालोखाल, मग वारंगा फाटा, भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर. पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं की विदर्भात आल्याबद्दल जकात. तामशाच्या बारालिंगाच्या भाजी-भाकरीच्या पंगतीत सोंगटी थांबली की एक डाव विश्रांती. चित्रं स्वतः काढावीत आणि दुसऱ्याचं नोंदवलेलं नाव वापरू नये, एवढी काळजी घेतली की झालं. मॅगीबाईंच्या खेळाचं लोकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

कंपनीच्या बाजूनं पाहिलं, तर यातून एक मोठी अडचण उभी राहते. नियम कुणीही उचलू शकतं. उरतं ते नाव, चित्रं आणि गोष्टींची दुनिया. भारतात व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत ती कितीही काळ चालवता येते. म्हणून सगळा पैसा, सगळं लक्ष नावावर लागतं. लोकांचं मन नावाशी बांधलेलं राहिलं तरच धंदा राहतो. चाहत्यांच्या निष्ठेवर या कंपन्यांचं पोटच चालतं, आणि हे मान्य करायला त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही कचरू नये.

दुसरी अडचण अशी की चांगला खेळ झिजत नाही. एकदा घेतलेला पट पुढच्या पिढीपर्यंत टिकतो. मग गिऱ्हाईक परत दुकानात का येईल? यावर कंपन्यांनी शोधलेले उपाय वेगवेगळे आहेत आणि सगळे सारखे वाईट नाहीत. जर्मनीचे क्लाउस टॉयबर यांचा 'कॅटन' १९९५ मध्ये आला. मूळ खोक्यात तीन-चार जणांची सोय. पाच-सहा जणांसाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, समुद्राची हवी असेल तर ती वेगळी. पण पुरवणी नाही घेतली तरी मूळ खोकं जसंच्या तसं चालतं. इथं कुणाची फसवणूक होते असं मला वाटत नाही.

खरी गुंतागुंत पत्त्यांपासून सुरू होते. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफिल्ड यांचा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. पत्ते बंद पाकिटात मिळतात आणि आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. प्रत्येकानं आपापला किमान ६० पत्त्यांचा संच बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. दरवर्षी नवे पत्ते निघतात. स्पर्धांच्या 'स्टँडर्ड' प्रकारात अलीकडच्या काळातलेच पत्ते चालतात. पूर्वी एखादा पत्ता साधारण दोन वर्षं चाले, २०२३ पासून ही मुदत तीन वर्षांकडे नेली. मुदत संपली की पत्ता फाटलेला नसतो, रंग उडालेला नसतो, पण त्या स्पर्धेत तो बाद. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. सोयाबीनचं बियाणं घरचं राखून पेरता येतं, कपाशीचं संकरित मात्र मृगाच्या आधी दरवर्षी दुकानातूनच आणावं लागतं. 'व्यापार' सोयाबीनच्या जातीचा, 'मॅजिक' कपाशीच्या.

यात खेळाडूचा फायदाच नाही, असं कुणी म्हणत नाही. नवे पत्ते आले की खेळ ताजा राहतो, जुन्या खेळाडूनं दहा वर्षांपूर्वी जमवलेल्या पत्त्यांपुढं नवा पोरगा आधीच हरलेला नसतो. हा मुद्दा खरा आहे. पण खर्च कोण ठरवतं आणि कधी, हे पूर्णपणे एकाच बाजूच्या हातात राहतं, हेही खरं.

'वॉरहॅमर'चं गणित आणखी जड. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा हा खेळ. सैनिकांचे सुटे भाग विकत घ्यायचे, चिकटवायचे, बारीक कुंचल्यानं रंगवायचे आणि मग पलटणी मांडून लढायचं. त्यांच्या 'वॉरहॅमर ४०,०००'च्या नियमांच्या नव्या आवृत्त्या २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये आल्या. अंतर मोजलं तर दर तीन वर्षांनी. सैनिक तेच राहतात, पण नियमपुस्तक नवं घ्यावं लागतं. कधी एखादी जुनी तुकडी नव्या नियमांत मागं पडते, तर कधी मुख्य यादीतूनच बाहेर जाते. २०१५ मध्ये कंपनीनं १९८३ पासून चालत आलेला 'वॉरहॅमर फँटसी बॅटल' गुंडाळला आणि त्याच्या जागी दुसरा खेळ आणला. ज्यांनी वीस-वीस वर्षं रात्री जागून पलटणी रंगवल्या होत्या, त्यांच्या पायाखालची जमीनच गेली. त्यातले कितीतरी जण जुन्याच नियमांनी आपापसांत खेळत राहिले. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं 'द ओल्ड वर्ल्ड' या नावानं ती जुनी दुनिया परत आणली आणि जुने सैनिकही विक्रीला काढले. त्याच वर्षी डिसेंबरात गेम्स वर्कशॉप लंडनच्या शेअरबाजारातल्या सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली.

'परवडत नसेल तर घेऊ नका' हे उत्तर मला इथं अपुरं वाटतं. साबण आवडला नाही तर दुसरा घेता येतो, त्यासाठी शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. खेळ चौघांत असतो. चौघांतल्या तिघांनी नवी आवृत्ती घेतली की चौथा जुनी धरून एकटा बसू शकत नाही. त्याला मित्र सोडायचे नसतात, म्हणून तो पुस्तक घेतो. आपण ज्याला कंपनीवरची निष्ठा म्हणतो, तिच्यात कितीतरी वाटा या मैत्रीचा असतो. रंगवण्यात घातलेल्या रात्री, एकत्र रचलेल्या कथा, रूमवरचे शनिवार, हे सगळं खेळणाऱ्यांनी स्वतः घडवलेलं. त्यातलं काहीच कंपनीनं दिलेलं नाही. त्याचं भाडं मात्र ती घेऊ शकते, कारण दारावरची पाटी तिची आहे.

पण चाहते म्हणजे एकच पक्ष नव्हे, आणि इथं वाद खरा रंगतो. १९९५ मध्ये 'मॅजिक'च्या कंपनीनं जुने दुर्मिळ पत्ते 'क्रॉनिकल्स' नावाच्या संचात पुन्हा छापले. नव्या खेळाडूंची सोय झाली, पण संग्राहक खवळले, कारण त्यांच्याकडच्या पत्त्यांचे भाव पडले. पुढच्याच वर्षी कंपनीनं एक यादी जाहीर केली आणि यातले पत्ते पुन्हा कधी छापणार नाही, असं वचन दिलं. आज त्यातल्या काही पत्त्यांची किंमत सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेली आहे. ही टंचाई कंपनीनं चाहत्यांवर लादली की चाहत्यांनीच मागून घेतली? खेळणाऱ्याला पत्ता स्वस्त हवा असतो, जमवणाऱ्याला महाग. दोघंही स्वतःला निष्ठावंत म्हणवतात आणि दोघंही कंपनीला शिव्या देतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र दोघं एकत्र आले. खेळाला तीस वर्षं होत आली म्हणून त्या यादीतल्या काही पत्त्यांचेही नमुने वेगळ्या पाठीनं छापले गेले. प्रत्येकी १५ पत्त्यांच्या चार पाकिटांना ९९९ डॉलर, आणि हे पत्ते अधिकृत स्पर्धेत चालणारच नव्हते. खेळणाऱ्याला ते निरुपयोगी, जमवणाऱ्याला विश्वासघात. त्या वर्षी 'मॅजिक'नं मालक कंपनी हॅस्ब्रोला एक अब्ज डॉलरहून जास्त उलाढाल करून दिली होती. पैशाची नड होती म्हणून हे केलं, असं म्हणायला जागा नाही. माझ्या मते प्रेमाचा गैरफायदा म्हणतात तो हाच.

'मोनोपोली', 'मॅजिक' आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ही तिन्ही नावं आज एकाच हॅस्ब्रोच्या छताखाली आहेत.  

आता ज्या खेळावर कुण्या एका कंपनीचं नाव नाही, त्या कॅरमकडे बघू. कॅरम आपल्याकडे गल्लोगल्ली, गणेश मंडळाच्या खोलीत, चहाच्या टपरीमागं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत मापं उघड लिहिलेली आहेत. खेळाचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटरचा चौरस. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, वजन ५ ते ५.५ ग्रॅम. स्ट्रायकर ४.१३ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि १५ ग्रॅमपेक्षा जड नको. ही मापं कुणीही पाळावीत आणि कॅरम बनवावा. एका कारखान्याच्या सोंगट्या दुसऱ्याच्या बोर्डावर धावतात, भिंतीला टेकवून ठेवलेला आजोबांचा बोर्ड घासूनपुसून, बोरिक पावडर टाकून आजही मांडता येतो. कॅरमपटूही ब्रँडबद्दल हळवे असतात. अमक्या बोर्डाचा रिबाउंड आवडतो, तमक्याच स्ट्रायकरनं हात बसतो. स्पर्धेसाठी महासंघाची मान्यताही लागते. पण ही आवड बोटांना आलेल्या अनुभवातून येते. उद्या दुसऱ्यानं चांगला बोर्ड बनवला तर खेळाडू तिकडे वळू शकतो, आणि वळला म्हणून त्याचे मित्र सुटत नाहीत.

दोन्हीकडे निष्ठा आहे, पण कॅरममध्ये माणूस बाहेर पडू शकतो. म्हणून मी किंमत जास्त की कमी यावरून न्याय करत नाही. महाग वस्तू प्रामाणिक असू शकते. पोलादी साचे करायला, चित्रकारांना मोबदला द्यायला, नियम पुन्हा पुन्हा तपासायला पैसा लागतो. मी एवढंच बघतो की काल घेतलेली वस्तू आज कुणाच्या फर्मानानं निकामी होते का, आणि झाली तर खेळणाऱ्याला दुसरी वाट आहे का.

जानेवारी २०२३ मध्ये खेळणाऱ्यांनी ही वाट स्वतः काढून घेतली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चा. एकजण कथा चालवतो, बाकीचे पात्रं होतात, आणि फाशांवर प्रसंग ठरतात. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या हॅस्ब्रोच्या उपकंपनीनं २००० साली एक खुला परवाना दिला होता. मूळ नियम वापरून कुणीही आपली कथा, आपलं पुस्तक छापावं. त्यावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की या खेळातून मिळायला हवा तेवढा पैसा मिळत नाही. कथा चालवणारे खेळाडूंमध्ये २० टक्केच, पण सगळ्यात जास्त खर्च तेच करतात. काही आठवड्यांत नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द, आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवर मोठ्या प्रकाशकांकडून २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा.

चाहत्यांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. प्रकाशक एकत्र येऊन स्वतःचा वेगळा खुला परवाना करू लागले. कंपनीनं मसुदा बदलून लोकांचं मत मागवलं, तर पंधरा हजारांहून जास्त उत्तरं आली. ८९ टक्के लोकांना जुना परवाना रद्द करणं मान्य नव्हतं. २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेळाच्या मूळ नियमांचा सुमारे ४०० पानी दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यानं सर्वांसाठी खुला झाला. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. २०२५ मध्ये सुधारित नियमांचा दस्तऐवजही त्याच अटीवर खुला केला.

पुण्याहून आलेल्या त्या पोरानं, किंवा हदगावात राहूनच ज्याला हा खेळ करून बघायचाय त्यानं, पुस्तक विकत घेण्याआधी ही ४०० पानं उतरवून घ्यावीत. पैसे लागत नाहीत. कागदाचे चार कपटे, पेन आणि फासे एवढ्यावर सुरुवात होते. आठ, बारा, वीस बाजूंचे फासे नसतील तर आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चालतात. कथा माहूरच्या डोंगरात घडवावी, नाहीतर कयाधूच्या पुरात अडकलेल्या वस्तीवर. आणि कुणाला या पानांतले सगळे नियम मराठीत आणून पुस्तक छापावंसं वाटलं, ते विकावंसं वाटलं, तरी तो परवाना त्याला मोकळीक देतो. मूळ कुठून घेतलं, परवाना कोणता आणि बदल काय केले, ते पुस्तकात लिहिलं म्हणजे झालं.